पोटातल्या पाण्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी सापडल्या, मग त्या गाठीला हात का लावत नाहीत?

द्राक्षबाग, तासगाव

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची आहे. श्रावणात तिचं पोट फुगायला लागलं. गॅस असेल म्हणून आम्ही तीन आठवडे घालवले, त्याचं वाईट अजून वाटतं. सोनोग्राफीत पाणी दिसलं, मग मिरजेला नेलं. तिथे पोटातून साडेतीन लिटर पाणी काढलं. बाटल्या माझ्यासमोरच भरत होत्या, पातळ काकवीला ऊन लागल्यावर दिसतो तसा रंग. निदान ओव्हरीचा कॅन्सर, तिसरी स्टेज. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या तीन केमो झाल्या. सीए-१२५, म्हणजे या कॅन्सरची रक्तातली खूण, अकराशे चाळीसवरून दोनशे बारावर आलाय. आता ऑपरेशन आणि त्यानंतर पुन्हा तीन केमो असं ठरलंय.

दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. पाण्याच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशींबरोबर लिम्फोसाइट्स भरपूर असल्याचं लिहिलंय. लिम्फोसाइट म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी एवढं मला माहीत आहे. त्या जर तिथे हजर होत्या तर गाठ वाढली कशी? डॉक्टरांना विचारायचं तर ओपीडीत आमच्या मागे चाळीस माणसं उभी असतात.

दुसरं असं, की मावशीने इम्युनिटी वाढवणारा काढा पाठवलाय, बाटली २,८०० रुपयांची. त्याच सुमाराला नोबेलची बातमी वाचली, की शरीरात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी असतात म्हणे. मग आईची प्रतिकारशक्ती वाढवायची, की तो आवर काढायचा, की दोन्ही एकच? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. बागेची छाटणी उरकलीय, रात्री वाचायला वेळ आहे.


वॉर्डातली सिस्टर

भाऊ, काढ्याची बाटली आधी बाजूला ठेवा. त्यात काय काय आहे ते लेबलवर असेल, त्याचा फोटो काढून केमोच्या डॉक्टरांना दाखवा. पॅक्लिटॅक्सेल शरीराबाहेर टाकायचं काम मुख्यतः लिव्हर करतं. लिव्हरवर आणखी भार पडला तर पुढची केमो लांबते, आणि लांबलेली केमो मी फार पाहिली आहे. बऱ्याचशा अशा काढ्यांत गुळवेल असते. कोविडच्या वेळी लोक ती रोज घेत होते. त्यातल्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, हेही सांगते. पण केमो चालू असलेल्या माणसाने ही जोखीम घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आईंना ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट बघू नका. पेशींचं मला एवढं कळत नाही, ते जाणकारांनी सांगावं.


पेशीमोजणी

दादा, तुमचा पहिला प्रश्न हेच माझं नऊ वर्षांचं काम आहे, म्हणून जरा लांब लिहिते. मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका संशोधन प्रयोगशाळेत फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रावर पेशी मोजते. उपचारांचं तुमचे डॉक्टरच सांगतील.

तुम्ही बाटलीत पाहिलंत ते पाणी आमच्याकडे थर्मोकोलच्या खोक्यातून येतं. नळ्यांत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तळाशी पेशींचा साका बसतो. तो साका सलाइनमध्ये कालवून फायकॉल नावाच्या जड द्रवावर सोडायचा, नळीच्या कडेकडेने, अगदी हळू. थर मोडता कामा नये. मग अर्धा तास फिरवायचं आणि शेवटी यंत्राचा ब्रेक बंद ठेवून त्याला आपलं आपण थांबू द्यायचं, कारण ब्रेकच्या हिसक्याने थर ढवळतात. नवीन मुलं हमखास हे विसरतात. झाकण उघडलं की दोन द्रवांच्या मधोमध सायीसारखी पांढुरकी कडी दिसते. तुमच्या रिपोर्टमधले लिम्फोसाइट्स त्या कडीत असतात. ती पिपेटने उचलताना आजही मी श्वास रोखते, कारण ते पाणी कुणाच्या तरी आईच्या पोटातलं असतं आणि दुसऱ्यांदा मिळणार नसतं.

सूक्ष्मदर्शकाखाली हे सगळे लिम्फोसाइट्स एकसारखे दिसतात, गोल आणि मोठ्या गाभ्याचे. रिपोर्टमध्ये म्हणूनच नुसतं लिम्फोसाइट असं लिहितात. पण त्यांची कामं एकमेकांच्या उलट असू शकतात. कोणती पेशी कोण हे ओळखायला आम्ही त्यांच्या अंगावरच्या खुणांना चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी रंगवतो, मग एकेक पेशी लेझरसमोरून जाते आणि पडद्यावर तिचा एकेक ठिपका उमटतो. सीडी-८ ची खूण असलेल्या बहुतेक मारेकरी टी पेशी असतात. गाठीची पेशी ओळखली तर तिला चिकटून मारून टाकणं हे त्यांचं काम. सीडी-४ वाल्यांत मदतनीस असतात. आणि त्याच सीडी-४ वाल्यांत एक छोटा गट असतो, ज्याच्या अंगावर सीडी-२५ खच्चून भरलेलं असतं आणि गाभ्यात फॉक्सपी-३ नावाचं प्रथिन असतं. याच त्या नोबेलच्या बातमीतल्या नियामक टी पेशी.

निरोगी माणसाच्या रक्तात शंभर सीडी-४ पेशींमागे साधारण पाच ते दहा अशा असतात. ओव्हरीच्या कॅन्सरच्या पाण्यात त्यांचा पुंजका बऱ्याचदा आकडा काढायच्या आधी नजरेलाच दाट दिसतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पुंजक्यात आहे. पेशी हजर आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणी आवर घालणाऱ्या आहेत.

त्या तिथे आपोआप जमत नाहीत. २००४ साली अमेरिकेत टायलर क्युरिएल आणि वेइपिंग झोउ यांच्या गटाने ओव्हरीचा कॅन्सर असलेल्या १०४ स्त्रियांचे नमुने तपासले. गाठीच्या पेशी आणि गाठीतल्या मॅक्रोफेज (प्रतिकारशक्तीच्याच भक्षक) पेशी सीसीएल-२२ नावाचा रेणू सोडतात, आणि नियामक पेशींवर तो ओळखणारा सीसीआर-४ हा ग्राहक असतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे गाठच त्यांना बोलावून घेते. ज्यांच्या गाठीत नियामक पेशी जास्त होत्या त्यांच्यात आजार जास्त बळावलेला दिसला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने ओव्हरीच्याच ११७ गाठी तपासल्या. त्यात नुसत्या मारेकरी पेशी किती यापेक्षा मारेकरी आणि नियामक यांचं प्रमाण काय, याला महत्त्व असल्याचं दिसलं.

आता त्या तिथे येऊन करतात काय? तीन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. टी पेशींना वाढायला आयएल-२ नावाचं रसायन लागतं. नियामक पेशींवरचं ते सीडी-२५ म्हणजे आयएल-२ पकडायचा हातच आहे, तोही भरपूर संख्येने. शेजारी मारेकरी पेशी उपाशी राहतात आणि या पिऊन घेतात. दुसरी गोष्ट डेंड्रायटिक पेशींची. गाठीचा तुकडा मारेकरी पेशीला दाखवून "ही बघ, हिला ओळख" असं सांगायचं काम त्या करतात. नुसतं दाखवून भागत नाही, बरोबर अंगावरच्या सीडी-८० आणि सीडी-८६ या खुणांनी होकारही द्यावा लागतो. नियामक पेशी आपल्या अंगावरच्या सीटीएलए-४ या रेणूने तो होकार डेंड्रायटिक पेशीच्या अंगावरून अक्षरशः ओरबाडून स्वतःच्या पोटात घेते. मारेकरी पेशीला गाठ दिसते, पण कामाला लागायचा हुकूम मिळत नाही. तिसरं म्हणजे टीजीएफ-बीटा, आयएल-१० आणि अ‍ॅडिनोसीन ही शांत करणारी रसायनं आसपास पसरतात.

दादा, यात तुमच्या आईची प्रतिकारशक्ती कमजोर होती असं कुठेही नाही. तीन आठवडे उशीर झाला म्हणून ती हरली असंही नाही, ही मिटवामिटवी गाठीत फार आधीपासून चालू असते. कृपया स्वतःला दोष देऊ नका.

काढ्याबद्दल सिस्टर बोलल्या तेच. इम्युनिटी वाढवणं हे वाक्य ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, कुठली? मारेकरी, मदतनीस की नियामक? कुठलीही बाटली यांतली एक निवडून गाठीपर्यंत पोहोचवत नाही.


निवृत्त गुरुजी, अकोला

ताई, उत्तम लिहिलंत. मी जीवशास्त्र शिकवत असे. आमच्या शिक्षणात सप्रेसर टी सेल हा शब्द होता, मग पुढे तो पुस्तकांतून नाहीसाच झाला. या त्याच का? आणि दुसरी शंका. या पेशी कॅन्सरला मदत करतात तर शरीराने त्या ठेवल्या कशाला?


पेशीमोजणी

गुरुजी, कल्पना तीच, पुरावा वेगळा. १९७० च्या सुमारास रिचर्ड गर्शन यांनी दडपणाऱ्या टी पेशींची कल्पना मांडली. दहा-बारा वर्षं त्यावर खूप काम झालं. पण त्या पेशींची म्हणून सांगितलेली खूण जनुकांत जिथे असायला हवी होती तिथे काहीच सापडेना, तेव्हा सगळा विषयच बदनाम झाला. त्या काळात जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी तो सोडला नाही. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिलाची थायमस ग्रंथी, म्हणजे टी पेशी जिथे तयार होतात ती, काढली तर त्याचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं, ही जुनी निरीक्षणं त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १९९५ साली त्यांनी सीडी-२५ ही खूण दाखवली. त्या पेशी काढल्या की उंदीर आजारी, परत दिल्या की बरा. २००१ साली मेरी ब्रन्काव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी स्कर्फी नावाच्या उंदरांतलं बिघडलेलं जनुक शोधलं, तेच फॉक्सपी-३. २०२५ चं नोबेल या तिघांना आहे.

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर ते स्कर्फी उंदीरच आहेत. नियामक पेशी नसलेला नर काही आठवड्यांत मरतो, खवल्यासारखी कातडी आणि फुगलेली पाणथरी घेऊन. माणसात हेच जनुक बिघडलं तर आयपेक्स नावाचा आजार होतो. तान्ह्या मुलाला मधुमेह, न थांबणारे जुलाब, इसब, सगळं एकदम. दोन टी पेशी जुंपल्या असताना मध्ये उभं राहून "पुरे आता" म्हणणारं कुणी नसेल तर घर राहत नाही.

हे मला स्वतःच्या अंगावरून कळतं. माझ्या थायरॉइडवर माझ्याच टी पेशी उलटल्या आहेत, हाशिमोटो म्हणतात त्याला. रोज सकाळी उपाशीपोटी ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते आणि मग प्रयोगशाळेत जाऊन दुसऱ्या कुणाच्या गाठीत आवर जास्त झालेला मोजते. एकीकडे कमी पडलेली गोष्ट दुसरीकडे जास्त झालेली असते. म्हणून या पेशींना कुणी खलनायक म्हटलं की मला पटत नाही. गाठ आपल्याच पेशींपासून बनते. आपलं ते सांभाळायचं हे शिकून आलेली पेशी गाठीलाही आपलंच समजते, यात तिचा दोष काय?

आणखी एक, सगळे कॅन्सर सारखे नाहीत. आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही अभ्यासांत फॉक्सपी-३ वाल्या पेशी जास्त असलेल्यांचं उलट बरं चाललेलं दिसलं. तिथे जंतूंमुळे होणारी सूज त्या आवरत असाव्यात असा एक अंदाज आहे. म्हणून कुणीही एकच आकडा दाखवून रुग्णाचं भविष्य सांगू नये.


द्राक्षबाग, तासगाव

ताई, तुमचं उत्तर काल आईला वाचून दाखवलं. सीडी-फीडी सोडून बाकी सगळं. "गाठच त्यास्नी बोलावती" हे तिला लगेच कळलं. तिने विचारलं, "मग त्यास्नी तिथनं घालवायचं औषध न्हाई व्हय?" माझाही प्रश्न तोच आहे.


पेशीमोजणी

आईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न अगदी नेमका आहे, आणि जगभर लोक त्यावरच काम करताहेत.

१९९९ साली जपानमध्ये उंदरांना आधी सीडी-२५ विरुद्धचं प्रतिपिंड देऊन नियामक पेशी कमी केल्या आणि मग गाठ रुजवली. बऱ्याच उंदरांनी ती स्वतःच नाहीशी केली. वाचायला फार छान वाटतं. पण गाठ आधीच रुजलेली असेल तर त्याच औषधाचा फारसा उपयोग होत नाही. कारणही समजण्यासारखं आहे, गाठीशी झुंजायला उठलेली मारेकरी पेशीही सीडी-२५ अंगावर घेते. एकाला मारायला जावं तर दुसरा मरतो. त्यात फॉक्सपी-३, ही खरी खूण, पेशीच्या गाभ्यात असते. ती पाहायला आम्हाला पेशीला भोकं पाडावी लागतात आणि त्यात पेशी मरते. बाहेरून ओळखून फक्त तिलाच गाठेल असं औषध बनवणं म्हणून अवघड आहे.

सीसीआर-४ वर बसणारं मोगॅम्युलिझुमॅब नावाचं औषध आहे. जपानने ते २०१२ साली एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर केलं. इतर गाठींत नियामक पेशी कमी करायला ते वापरून पाहिलं गेलं. रक्तातल्या कमी झाल्या, गाठी मात्र त्या मानाने हलल्या नाहीत. सीटीएलए-४ वरचं इपिलिमुमॅब २०११ पासून मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरसाठी आहे आणि काहींना त्याने खूप आयुष्य दिलं. उंदरांत ते गाठीतल्या नियामक पेशी मारतं. माणसात तसं किती होतं यावर अजून वाद आहे. त्या औषधाने आतड्याला, कातडीला, पिट्युटरी ग्रंथीला सूज येऊ शकते. आवर काढल्याची ती किंमत आहे, स्कर्फी उंदराची सौम्य आवृत्तीच म्हणा. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये एकट्या इम्युनोथेरपीचा, म्हणजे प्रतिकारशक्तीचा आवर सोडवणाऱ्या अशा औषधांचा, अनुभव आजवर फार उत्साहाचा नाही. पेम्ब्रोलिझुमॅब एकटं दिलेल्या एका मोठ्या चाचणीत शंभरातल्या आठेक जणींची गाठ लहान झाली. बाहेर कुणी "ते महागडं इंजेक्शन घ्या, सगळं साफ होतं" म्हणालं तर हा आकडा लक्षात ठेवा आणि डॉक्टरांशी बोला. जमीन विकायच्या आधी तर नक्कीच.

आईंना आत्ता मिळतंय ते औषध जुनं आहे, पण या आजारावर ते खरंच चालतं. अकराशे चाळीसवरून दोनशे बारा हा आकडा पाहून मला मनापासून बरं वाटलं.


वॉर्डातली सिस्टर

ताई, जमिनीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. महाग म्हणजे चांगलं असं काही नसतं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरसाठी मुंबईत टाटा हॉस्पिटलने निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचंच औषध अवघ्या २० मिलिग्रॅमच्या डोसमध्ये, तीन आठवड्यांतून एकदा, तोंडाने घ्यायच्या कमी डोसच्या औषधांबरोबर देऊन पाहिलं. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ साली ते छापून आलं. नेहमीचा डोस याच्या दसपटीहून जास्त असतो. भाऊ, तुमच्या आईंचा कॅन्सर वेगळा आहे, तेव्हा हे तसंच लागू करू नका.


द्राक्षबाग, तासगाव

सर्वांचे मनापासून आभार. काढ्याच्या लेबलचा फोटो डॉक्टरांना दाखवला. नको म्हणाले. मावशीला वाईट वाटू नये म्हणून बाटली परत न देता कपाटात ठेवलीय.

ताई, आणखी एक विचारतो. ऑपरेशनच्या कागदांत एक वेगळा कागद आहे. गाठीचा तुकडा आणि पाणी संशोधनासाठी वापरायला संमती आहे का, असं विचारलंय. सही केली नाही तर उपचारांत फरक पडेल का? आणि केली तर ते घेऊन करतात काय?


पेशीमोजणी

सही नाही केली तरी उपचारांत काडीचाही फरक पडत नाही, पडता कामा नये. तसं त्या कागदावर लिहिलेलंही असतं, शोधून वाचा. तपासणीसाठी लागणारा तुकडा आधी पॅथॉलॉजीला जातो, उरलेलाच संशोधनाला. त्यावर नाव नसतं, एक क्रमांक असतो. आमच्याकडे ३१७ किंवा ४०२ असं काहीतरी येतं. आम्ही त्यातली पांढरी कडी काढतो, रंगवतो, मोजतो, थोड्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतो. सहा वर्षांनी कुणाला नवीन खूण सापडली की ती नळी बाहेर निघते. तुमच्या आईंना स्वतःला त्याचा फायदा होईल असं मी सांगणार नाही, बहुतेक होत नाही. सही तुम्ही करू नका, आईंना नीट समजावून त्यांनाच ठरवू द्या.


द्राक्षबाग, तासगाव

काल रात्री जेवण झाल्यावर विचारलं. आधी म्हणाली, "माझ्या पोटातलं घाण पाणी घिऊन ती बाई करणार काय?" मग मी तुमची ती सायीसारखी कडी सांगितली. ब्रेक न लावता यंत्र थांबवायचं तेही सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. दुधाचं पातेलं झाकून आली आणि म्हणाली, "न्हेऊ दे. पर त्या बाईला सांग, हळू काढ म्हणावं."

गुरुवारी ऑपरेशन आहे.